मूळ मजकुरात असे आहे

माझ्या आत्याची मुलगी मस्कतहून आली. येताना तिच्यासोबत तीन कागद होते. पहिला तिला जन्म देणाऱ्या आईचा पासपोर्ट. आई तिकडंच काविळीनं गेली होती, म्हणून वकिलातीनं त्या पासपोर्टाचा कोपरा कापून तो रद्द केला होता; आणि तान्ह्या मुलीचं नाव आईच्याच पासपोर्टात चढवलेलं असल्यामुळं आईबरोबर मुलीचाही पासपोर्ट गेला. दुसरा कागद वकिलातीनं त्याऐवजी दिलेला, एकेरी प्रवासाचा. त्यावर मुलगी भारतात येऊ शकत होती, परत जाऊ शकत नव्हती. तिसरा जन्माचा दाखला. तो पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत अरबीत होता. ही हकिकत मुख्यतः त्या तिसऱ्या कागदाची आहे.

कागदांचं काम माझ्याकडं आलं, कारण मी पत्रकं लिहीत असे. पत्रक लिहिणाऱ्याला सगळेच कागद कळतात, अशी आमच्या नात्यात समजूत होती. माझे वडील परभणीत शिक्षक. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव वस्त्या जळाल्या, तेव्हा त्यांनी नामांतराच्या बाजूनं पत्रकं लिहायला घेतली. आम्ही हिंदू, शेतकरी जातीतले. त्यामुळं परक्यांपेक्षा आमच्याच लोकांनी त्यांना जास्त शिव्या दिल्या. उरलेली गुलाबी-पिवळी पत्रकं घरात पडून असत. आई त्यांत भाकरी बांधून द्यायची. माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं त्यांचीच होती, आणि मी वाचायला शिकले ती पुस्तकाच्या आतल्या धड्यांवर कमी, बाहेरच्या कव्हरावर जास्त. हे सगळं घडलं तेव्हा माझं कॉलेज संपलं होतं, नामांतर अजून झालेलं नव्हतं, आणि वडिलांचा हात थकल्यामुळं पत्रकं मीच लिहायला लागले होते.

आत्या वालूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. तिचे यजमान मानवतच्या एका आडतीवर मुनीम; आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, म्हणून ते माझे मामा. लग्नाला बरीच वर्षं होऊनही त्यांना मूल नव्हतं. नवस, औषधं, परभणीचे डॉक्टर, हैदराबादचे डॉक्टर, सगळं करून आत्या एका दिवशी थांबली होती. त्यानंतर ती त्या विषयावर बोलायचीच नाही. कुणी बोललं तर शाळेच्या वह्या तपासायला काढायची.

मामांना एक धाकटा भाऊ होता. तो परभणीच्या एका दवाखान्यात वायरमन होता आणि तिथल्याच एका नर्सशी त्यानं नोंदणी लग्न केलं होतं. ती चुडाव्याची, बौद्ध वस्तीतली. वातावरण पेटलेलं असताना हे लग्न झालं. मामांच्या वडिलांनी, त्यांना सगळे आबा म्हणत, जिवंत मुलाच्या नावानं आंघोळ केली आणि सुतक संपल्यासारखे ओसरीवर येऊन बसले. पुढं नर्सबाईंना मस्कतला नोकरी लागली, नंतर तोही गेला. बापलेक एकमेकांशी बोलायचे बंद झाले ते बंदच राहिले. मी त्यांना मस्कतचे मामा म्हणायची.

बायको गेल्यावर मस्कतच्या मामांनी काही महिने मुलीला शेजारच्या अरब बाईच्या भरवशावर ठेवलं आणि कामावर गेले. मग आत्याला पत्र आलं. आत्यानं उत्तरात एकच ओळ लिहिली: 'पोरगी घेऊन या, ती माझी.'

ते रजा काढून आले. आधी मुलीला चुडाव्याला तिच्या आईच्या आईकडं नेलं. मी सोबत होते. म्हातारी एकटी, मजुरीला जाणारी. तिनं नातीला मांडीवर घेतलं, तिचे कान पाहिले, पायाची बोटं पाहिली, आणि म्हणाली, "माझी आज हाय उद्या न्हाई. मास्तरीणबाई सांभाळायली तर बेस झालं." मग माझ्याकडं वळली. "तू कागद करणारी हायस न्हवं? मग कागदावर माझ्या लेकीचं काय लिवताव, तेवढं मला वाचून दाखीव."

मी शब्द दिला.

तिथून आम्ही वालूरला गेलो. मुलगी दीड वर्षाची, प्रवासानं चिडलेली. आत्यानं दारातच तिला उचललं. मुलगी तिच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "माय."

आत्या मटकन ओट्यावर बसली. "माय म्हणली! ऐकलंव का, माय म्हणली मला!"

मस्कतचे मामा चप्पल काढत खालच्या मानेनं म्हणाले, "वहिनी, तिकडं पाण्याला माय म्हणत्यात. तहान लागली तिला."

"मग पाणी देते की," आत्या म्हणाली. तिनं पाणी पाजलं, पण मुलीला खाली ठेवलं नाही. त्या घरात पुढं कुणीही आत्याला पाण्याची गोष्ट परत सांगितली नाही. सांगून उपयोगही नव्हता.

आबा ओसरीवर होते. त्यांनी मुलीकडं पाहिलं, "लेकराचा काय कसूर," असं खांबाला म्हणाले आणि आत गेले. परवानगी म्हणायची ती एवढीच. मस्कतचे मामा मात्र रोज रात्री दोस्ताकडं झोपायचे, दिवसा येऊन अंगणात बसायचे. ओसरीची पायरी ते चढत नसत आणि आबा ती उतरत नसत.

आत्याची घाई समजण्यासारखी होती. नातेवाईक मस्कतच्या मामांच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी आताच करायला लागले होते. आत्या मला म्हणाली, "बये, कागद न झाला तर उद्या नवी येईल आन् पोर तिची व्हईल. मी कोण? मोठी आई. मोठ्या आईला काय हक्क हाय?" कायद्यानं मूल दत्तक द्यायला देणारा बाप समोर लागतो. बापाची रजा संपत आलेली. ते एकदा गेले की दोन-तीन वर्षं परत येणार नव्हते.

मी तालुक्याच्या गावी एका वकिलाकडं गेले. जाताना दत्तकपत्राचा कच्चा मसुदा स्वतःच लिहून नेला. त्यात पहिल्याच परिच्छेदात जातिव्यवस्थेचा निषेध होता आणि दोन जातींच्या रक्तातून जन्मलेलं हे मूल उद्याच्या समाजाचा पाया आहे, असं मी लिहिलं होतं. वकिलानं तो परिच्छेद वाचला, पेन्सिलीनं अलगद आडवी रेघ मारली आणि म्हणाला, "ताई, दत्तकपत्राला घोषणा नसती."

मग त्यानं कायदा सांगितला. हिंदूनं हिंदूलाच दत्तक घेता येतं, पण या कायद्यापुरते बौद्ध, जैन, शीख हेही हिंदूच धरले जातात. मी म्हणाले, हे मला मान्य नाही, बौद्धांनी हिंदू धर्म सोडला तो पुन्हा त्यात मोजून घेण्यासाठी नाही.

"मान्य नका करू," वकील म्हणाला. "पण त्या कलमाच्या जिवावरच तुमच्या आत्याला पोरगी मिळायलीय. तुमचं भांडण जरा रजिस्ट्री झाल्यावर करा."

मग त्यानं जन्मदाखला हातात घेतला, उलटासुलटा धरला. "ह्याचा तर्जुमा पायजे मराठीत. करणाऱ्याची सही पायजे. मूल परदेशात जन्मलेलं. जन्म, आई, बाप, धर्म, सगळं त्याच्यावरनंच ठरणार."

अरबीचा तर्जुमा वालूरमध्ये कोण करणार, हा प्रश्न मला पडला, गावाला नाही पडला. गावात सगळे म्हणाले, आबा हायत की. आबा निजामाच्या काळात तहसिलीत पेशकार होते, म्हणजे तहसीलदारापुढं कागद वाचून दाखवायचं काम त्यांचं. शिक्षण सगळं उर्दूतून. अजूनही आजूबाजूच्या गावांतले लोक जुने उर्दू फैसले, खरेदीखतं फडक्यात गुंडाळून त्यांच्याकडं आणत आणि आबा ते भिंग लावून वाचून दाखवत. अरबीची लिपी तीच. दाखला हातात आला तेव्हा ते कुणाच्या नातीचा आहे हे विसरल्यासारखे सरसावून बसले.

"हर्फ म्हणजे अक्षरं, ती सगळी वळखीची हायत," ते म्हणाले. "इस्म म्हणजे नाव. तारीख-उल-विलादत, जन्मतारीख. ह्यात काय अवघड?"

त्यांनी एका बैठकीत तर्जुमा केला, खाली सही ठोकली, आणि मामांच्या हाती वकिलाकडं पाठवायला दिला. मामांनी तो मलाच न्यायला सांगितला; वाटेत एसटीत मी तो वाचला. वर नाव, तारीख, सगळं ठीक होतं. खाली असं होतं:

'बापाची जात : हिंदी. बापाचे इमान : हिंदूसारखे. आईची जात : हिंदी. आईचे इमान : ——'

मी पहिल्यांदा हसले. मग शेवटच्या रेघेपाशी माझं हसू थांबलं.

वकील हसलाच नाही. "इमान हिंदूसारखं? हे मी रजिस्ट्रारपुढं ठेवू? हिंदूसारखा म्हणजे हिंदू न्हवं, ताई. कायद्यात सारखा-बिरखा चालत न्हाई. आन् आईच्या नावापुढं रेघ कशाची? आईला इमान न्हवतं असं लिहून द्यायचंय का?" त्यानं कागद परत माझ्याकडं सरकवला. "चार दिवसांत नीट करून आणा, न्हाईतर पाव्हणे मस्कतला जाऊन येईस्तोवर थांबा."

परतताना मी रागानं उकळत होते. मुलीचा बाप हिंदूसारखा का होईना, आहे. आणि आई, जिनं तिकडं रात्रपाळ्या करून घर चालवलं, तिच्यापुढं रेघ. मला वाटलं, म्हाताऱ्यानं मुद्दाम केलं. त्या संध्याकाळी मी ओसरीवर जाऊन सरळ विचारलं.

आबा शांत होते. त्यांनी दाखला पुढं ओढला, भिंग ठेवलं आणि मला समजेल अशा बेतानं एकेक अक्षरावर बोट ठेवलं. "ही दियानत. उर्दूत दियानत म्हणजे इमानदारी. म्हणून इमान. आता म्होरं बघ. बापाचं, हिंदूसी. हिंदू-सी, हिंदूसारखी. आईचं, बे, वाव, ज़ाल, ये. बूज़िया. असा लफ्जच न्हाई. जे न्हाई त्याचा तर्जुमा कसा करू?"

"आबा, ते बौद्ध असणार. आई बौद्ध होती."

"तू म्हणतीस ते असतं तर दाल असता, म्हणजे आपला द. ही ज़ाल हाय. दालवर नुक्ता, एक टिंब, दिला की ज़ाल. एका नुक्त्यानं खुदाचा जुदा व्हतो, माय, आन् तू मला नुक्ता पुसायला सांगायलीस?"

"तुम्हाला तो शब्द लिहायचाच नाही."

"मला जे लिवलंय तेच लिवायचंय," आबा म्हणाले. "पेशकारानं मनचं लिवलं की नौकरी जाती."

मामा तिथंच होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. "आबा म्हणतील तसं," ते म्हणाले आणि कंदिलाची काच पुसायला लागले. वीज होती, तरी.

मी ठरवलं की आपण परभणीहून कुणी अरबी जाणणारा आणायचा, त्याच्याकडून तर्जुमा करून घ्यायचा आणि आबांचा तर्जुमा त्यांच्याच समोर फाडायचा. मी आत्याला तसं सांगायला स्वयंपाकघरात गेले. ती मुलीला वरणभात भरवत होती.

"म्हणजे आबा मानणार न्हाईत, हे मानणार न्हाईत," बाहेर ओसरीवरच्या मामांकडं बोट करून ती म्हणाली, "आन् रजिस्ट्रीच्या कागदावर ह्यांची सही लागती. मग?"

"मग लढायचं."

आत्यानं घास मुलीच्या तोंडाशी नेला, तसाच थांबवला. "हे तुझं पत्रक न्हाई, बये. माझी लेक हाय."

पण चुडाव्याच्या म्हातारीला मी शब्द दिला होता, आणि तेही मी आत्याला सांगितलं. आत्या बराच वेळ मुलीचं तोंड पुसत राहिली. मग एकदम म्हणाली, "भाऊजींना अरबी येती की गं."

खरंच होतं. मस्कतच्या मामांना अरबी बोलता येत होती. दहाएक वर्षं त्यांनी बाजारहाट, काम, भांडण सगळं त्याच भाषेत केलं होतं. पण वाचता येत नव्हती. ते मराठी शाळेत शिकलेले, लिपी त्यांना परकी. आणि आबांना लिपी येत होती, भाषा येत नव्हती. एकाला वाचता येत होतं ते कळत नव्हतं, दुसऱ्याला कळत होतं ते वाचता येत नव्हतं, आणि दोघांमध्ये ओसरीची पायरी होती. इतके दिवस आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात हे आलं नाही, कारण ते दोघं एका कामाला बसतील हे कुणाच्या कल्पनेतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आत्यानं शाळेत घेते तसं श्रुतलेखन घेतलं. आबांना ओसरीवर बसवलं, मस्कतच्या मामांना अंगणात, मला पायरीवर, मांडीवर पाटी आणि तिच्यावर कागद. स्वतः दाराच्या चौकटीत, कडेवर मुलगी.

"आबा, तुमी खाली बघून नुसतं वाचायचं. मोठ्यानं. अर्थ सांगायचा न्हाई. भाऊजी, तुमी वर बघायचं न्हाई. नुसतं अर्थ सांगायचा. ही लिहील."

"मी काय बिगारीतला पोरगा हाय का?" आबा म्हणाले.

"बिगारीतली पोरं बरी, सांगितलं की ऐकत्यात. वाचा."

आबांनी वाचलं. त्यांचा आवाज तहसिलीचा, घोगरा, स्वच्छ. "जिन्सियत-उल-अब. हिंदी."

अंगणातून आवाज आला, "अब म्हणजे बाप. जिन्सिया म्हणजे कोणत्या देशाचा ते. हिंदी म्हणजे हिंदुस्थानचा."

"सांग त्याला," आबा मला म्हणाले, "जिन्स म्हणजे जात. अख्खी दुनिया जाणती."

"सांगा त्यांना," मस्कतचे मामा मला म्हणाले, "तिकडं जात न्हाई. तिकडं इचारत्यात, देश कोणता."

मी 'राष्ट्रीयत्व : भारतीय' लिहिलं. लिहिताना मला हळहळ वाटली. 'जात : हिंदी' ही आबांच्या तर्जुम्यातली एकच चूक मला ठेवायची होती. पण श्रुतलेखनात मनचं लिहीत नाहीत.

"दियानत-उल-अब. हिंदूसी."

"दियाना म्हणजे धरम. हिंदूसी म्हणजे हिंदूच. सारखं-बिरखं काय न्हाई त्याच्यात."

आबांनी भिंग उचललं, दाखल्याच्या जवळ नेलं, लांब नेलं. त्यांचं तोंड उतरलेलं मला दिसलं. लोकांचे फैसले वाचून दाखवणारा माणूस, आणि सहीनिशी वकिलाकडं 'हिंदूसारखे' जाऊन आलं होतं. गावात कुणाला कळलं असतं तर पिढीभर हसले असते. "दियानत म्हणजे धर्म," ते स्वतःशी म्हणाले. "हां. जुन्या किताबीत यायचं तसं."

"आबा, म्होरलं," आत्या म्हणाली.

म्होरलं कोणतं ते सगळ्यांना माहीत होतं. आबांनी घसा साफ केला. "दियानत-उल-उम्म. बूज़िया."

मस्कतचे मामा म्हणाले, "उम्म म्हणजे आई. दवाखान्यातल्या कारकुनानं मला दोनदा इचारलं, आईचा धरम कोणता. मी दोनदा सांगितलं. मंग त्यानं लिवलं."

"सांग त्याला, ज़ाल हाय," आबा म्हणाले. "दाल असता तर मीच म्हणलो असतो."

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मस्कतचे मामा वळले. त्यांना वर बघायचं नव्हतं, पण त्यांनी पाहिलं. "आबा, तिकडं बुद्धाला असंच लिवत्यात. ज़ालनंच."

किती तरी वर्षांत मुलगा बापाशी पहिल्यांदा बोलत होता. आबांनी भिंग खाली ठेवलं.

"ज़ालनं लिवत्यात व्हय?" त्यांनी विचारलं, मला नाही, त्याला.

"व्हय."

"अजब हाय."

मी 'आईचा धर्म : बौद्ध' लिहिलं आणि कागद वर दिला. आबांनी तो पाहिला आणि नाक मुरडलं. "तुझं अक्षर पत्रकाचं हाय. प्रत्येक ओळ मोर्चाला निघाल्यावाणी. सही मह्या नावाची जायची तर हातबी महाच पायजे." त्यांनी दौत मागवली आणि सगळा तर्जुमा पुन्हा स्वतः लिहून काढला. सुरेख, एकसारखी अक्षरं. मामा मागं उभं राहून बघत होते आणि पहिल्यांदाच त्यांचा श्वास मोकळा वाटत होता.

लिहून झाल्यावर मी वाचलं. सगळं बरोबर होतं. फक्त एका ओळीपुढं, त्या एकाच ओळीपुढं, आबांनी कंसात लिहिलं होतं : 'मूळ मजकुरात असे आहे.'

माझं डोकं पुन्हा तापलं. "सगळंच मूळ मजकुरात आहे, आबा. मग सगळ्याच ओळींपुढं लिहा. बाप हिंदू, तेही मूळ मजकुरात—"

आत्यानं माझ्या पायावर पाय ठेवला. हळू नाही.

मी थांबले. कागदावर शब्द होता. त्याच्यामागं म्हाताऱ्यानं स्वतःसाठी एक कंस ठेवला होता, तो मी त्याला ठेवू दिला.

रजिस्ट्रीला आम्ही सगळे गेलो. आबासुद्धा; तर्जुमा करणारा हजर असलेला बरा, असं वकील म्हणाला होता. कचेरीत गर्दी होती, शेतीच्या खरेदीखतांची. आमची पाळी आली तेव्हा तिथल्या साहेबानं दत्तकपत्र वाचलं, मग तर्जुमा मोठ्यानं वाचायला घेतला. बापाचं राष्ट्रीयत्व, बापाचा धर्म. मग म्हणाला, "आईचा धर्म बौद्ध, कंसात मूळ मजकुरात असे आहे." त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे काय? खात्री न्हाई का? खात्री नसंल तर कागद ठेवता येणार न्हाई."

वकिलानं माझ्याकडं पाहिलं. मामांनी जमिनीकडं पाहिलं. आत्याच्या हातात मुलीचा पाय होता, तो तिनं इतका घट्ट धरला की मुलगी कुरकुरली. मस्कतच्या मामांचं परवाचं विमान होतं. त्या कंसानं सगळं अडवलं, असं मला वाटलं, आणि तो कंस मी राहू दिला होता.

"तर्जुमा कुणी केला?" साहेबानं विचारलं.

"मी," आबा बाकावरून उठून म्हणाले.

"मग सांगा. धर्म काय लिहिलाय?"

"बौद्ध."

"आन् कंसात?"

आबा चिडले. त्यांच्या हस्ताक्षरावर, त्यांच्या वाचनावर शंका घेतली होती, आणि तीही ज्याला ज़ाल-दाल कळत नव्हता अशा माणसानं. काठी आपटून ते म्हणाले, "कंसात म्हणजे मुळात तसंच हाय! बौद्ध म्हणजे बौद्ध. सून व्हती माझी, मला म्हाईत न्हाई का? मराठी वाचता येत न्हाई का तुमाला?"

बाकावरचे खरेदीखतवाले वळून बघायला लागले. 'बौद्ध' हा शब्द आबांच्या तोंडून मी त्या दिवसाआधी ऐकला नव्हता. 'सून' हासुद्धा. आणि मला वाटतं, आपण काय बोललो हे त्यांच्याही उशिरा लक्षात आलं, कारण ते पुन्हा बसले आणि काठीची मूठ न्याहाळत राहिले.

"ठीकाय, ठीकाय," साहेब म्हणाला. "ओरडू नका, बाबा. पोरीचं देणं-घेणं झालंय का?"

"इथंच करू, साहेब," वकील म्हणाला.

मस्कतच्या मामांनी मुलीला आत्याकडून आधी स्वतःकडं घेतलं, कारण कायद्यानं देणारे ते होते. बाकावर बसले, तिला मांडीवर ठेवलं, थोडा वेळ धरलं. मग उठून मामा आणि आत्या बसले होते तिथं आले आणि दोघांच्या मांड्यांवर मिळून तिला ठेवलं. त्यांचा हात मुलीच्या डोक्यावरून निघायला तयार नव्हता. मुलगी आत्याकडं बघून म्हणाली, "माय. माय."

"घ्या," साहेब शिक्का उचलत म्हणाला, "पोरीनंच सांगितलं."

आत्यानं मान हलवली आणि शिपायाला हळूच म्हणाली, "दादा, जरा एक गिलास पाणी."

मस्कतचे मामा ठरल्या दिवशी गेले. निघताना ते ओसरीच्या पायरीवर चढले, खाली वाकले, आणि आबांनी त्यांना पाया पडू दिलं. एवढंच. मिठ्या वगैरे आमच्याकडं मारत नाहीत.

दाखल्याची आणि तर्जुम्याची नक्कल घेऊन मी आणि आत्या मुलीसह पॅसेंजरनं चुडाव्याला गेलो. स्टेशनपासून वस्ती जवळच. म्हातारी कामावरून आलेली, हातपाय धुऊन चुलीपुढं बसली होती. तिनं मुलीला घेतलं आणि मला म्हणाली, "वाच."

मी सगळं वाचलं. तारीख, ठिकाण, बाप. मग आईचं नाव, आणि 'आईचा धर्म : बौद्ध'. पुढचा कंस वाचायचा की गाळायचा, हे मला गाडीत बसल्यापासून ठरवता आलं नव्हतं. पण शब्द दिला होता काय लिहिलंय ते वाचून दाखवण्याचा. मी वाचला.

"ते मागून काय वाचलंस?"

"मूळ मजकुरात असे आहे."

"म्हंजी?"

मी आबांची सगळी गोष्ट सांगणार होते, तो हट्ट, ती रेघ, तो नुक्ता. आत्या माझ्याकडं बघत होती.

"म्हणजे, मुळात असंच हाय," मी म्हणाले.

"हायच की," म्हातारी म्हणाली. तिनं काठवटीत पीठ ओतलं. "बसा आता. भाकरी खाऊन जा."